पदकाचा सिनेमा

भोपाळ, १९५७. रविवारी सकाळच्या खेळाच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

“अहो, घरी जाऊ या. माझं डोकं ठणकतंय.”

“आत्ता? नागपूरहून बदलून आलेलं अख्खं ऑफिस रांगेत आहे. साहेबसुद्धा मागेच उभे आहेत. राष्ट्रपतींचं पदक मिळालं म्हणून मराठी सिनेमा इथवर आला, कमल!”

“सरकारनं तीन वर्षांपूर्वी ही पदकं काढलीच नसती तर बरं झालं असतं.”

“पदकानं तुझं काय घोडं मारलंय?”

“त्या सिनेमात मी आहे.”

“हळू बोल!”

“लग्नाआधी, कोल्हापूरला मामाकडे असताना. पाणवठ्यावरच्या गाण्यात घागर घेऊन नाचले होते.”

“पडद्यावर नाव येतं तुझं?”

“पदक निर्मात्याला नि दिग्दर्शकाला. आमची नावं कोण लावतंय?”

“आणि चेहरा?”

“चेहरा दिसतो.”

“आईला कळलं तर?”

“त्या मला बघायला आल्या, तेव्हाच सांगितलंय त्यांना.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“त्याच म्हणाल्या, माझ्या काशीला सांगू नकोस, तो भित्रा आहे.”

“बोलिए बाबूजी, कितने टिकट?”

नवऱ्यानं वळून मागे साहेबांकडे पाहिलं.

“बाबूजी, कितने?”

बाईच खिडकीशी पुढे झाल्या.

“दो दीजिए.”