दत्तूमामांच्या मनगटावरचा दोरा

दत्तूमामांच्या मनगटावरचा लाल दोरा बघितलाय का? तो आधी मशीनवर होता.

उमरग्याला आमच्या शेडमधी मामा पत्रा कापायची प्रेस चालवतात. तिला दोन बटणं हायत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच प्रेस खाली येती. मामांनी डावं बटण दाबून, तुळजापूरहून आणलेल्या दोऱ्यानं बांधून टाकलं. देवीचा दोरा, सोडणार कोण?

परवा तपासणीला साहेब आले. म्हणाले, "मामा, नियमांचे तीन थर असतात. पहिला सगळ्या यंत्रांना, दुसरा असल्या बटणांना, तिसरा फक्त प्रेसला. तुम्ही एका दोऱ्यात तिन्ही मोडले."

"कसं काय?"

"दोन बटणं कशाला दिलीत? एक हात प्रेसखाली जाऊ नये म्हणून."

"माझा जातच न्हाय साहेब. त्याच्यात तंबाखू असती."

साहेबांनी हसू दाबलं. "बोटं किती आहेत?"

"धा."

"म्हणून मी आलोय. नऊ झाली की दुसरे साहेब येतात. दोरा सोडा, नाहीतर मशीन बंद करून जातो."

मामा जागचे हलंनात. शेवटी साहेबांनी बूट काढले, हात जोडले, स्वतः गाठ सोडली अन् दोरा मामांच्या डाव्या मनगटाला बांधला. "देवीनं ह्याला सांभाळायचं, मामा. बटणाला नाही."

तवापासनं मामांचे दोन्ही हात बटणावर असतात. शेजारच्या मशीनवर मी असतो. तिन्ही थर मामा पाळतात, अन् तंबाखू मी मळतो.