कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत

नको, चहा नको मॅडम. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, त्यात चहा घेतला तर डोकंच फिरेल — आणि तुम्हाला वाटत असेल, काल आजी-नात दोघी रस्त्यावर सापडल्या म्हणून माझी झोप उडाली. तेवढंच नाही. सापडल्या, धडधाकट सापडल्या, कोपऱ्यावरच्या बाकावर पाय हलवत बसल्या होत्या. मी जागी राहिले ती तुमच्या फोनमुळे. 'यापुढे मुलीला वृद्धाश्रमात आणू नका.' एवढं म्हणालात आणि ठेवलात. आता पुढचं मी कुणाशी बोलायचं, भिंतीशी?

अहो, सहा वर्षांची पोर माझी ठकू. दाराचा नंबर तिला कुणी दिला, असंच विचारताय ना? मीच. म्हणजे दिला नाही हो — तो माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मी बटणं दाबताना गाणं म्हटल्यासारखा मोठ्याने म्हणते. आईचं हे विसरणं सुरू झाल्यापासून साधा एक आकडा आठवला नाही तरी वाटतं, झालं, आता आपली पाळी — हसू नका. तर ठकूने तो पाठ केला, कुंडी ढकलत दाराशी नेली, वर चढली आणि दाबला. शाळेत बेरजेच्या नावाने शंख, इथे मात्र बाईसाहेब हुशार.

पण मला एक सांगा. पहिल्या दिवशी ह्याच खुर्चीत बसवून तुम्ही मला काय शिकवलंत? आजींचं बोलणं खोडायचं नाही, त्या म्हणतील त्याला हो म्हणायचं आणि हळूच विषय बदलायचा. त्या समोरच्या खोलीतल्या आजी, पूर्वीच्या हेडबाई, अजून रोज सकाळी हजेरी घेतात, तर तुमची स्वयंपाकीणसुद्धा 'हजर' म्हणून मगच पुढे सरकते — सरकते की नाही? मी घरी जाऊन लेकीला तेच पढवलं. आजीने म्हटलं, चल घरी, पोरीने हो म्हटलं. चुकलं कुठे? विषय बदलायचा राहिला, एवढंच ना? तो मला तरी कुठे बदलता येतो. आई विचारते, घरी कधी नेतेस? मी म्हणते, उद्या. दर वेळी उद्या. आणि ती इतक्या समजूतदारपणे 'बरं' म्हणते ना, गालावरून हात फिरवते माझ्या, की — जाऊ दे. ते नव्हतं सांगायचं मला.

नाही, दोष नाही देत. देतेय, थोडा देतेय. तुमची दाराशी बसणारी मदतनीस होती कुठे? कुणाला तरी आंघोळ घालत होती, ठीक आहे, तिला काय चार हात आहेत? कळतं मला. पण शिक्षा कुणाला, तर माझ्या पोरीला. दादा फोनवर म्हणतो, 'मुलीला घरी ठेव, त्यात काय एवढं.' त्याला काय जातंय तिकडे बसून बोलायला. इथे आई माझ्या हातून एक घास घेत नाही. मला म्हणते, आधी तू जेव, किती वाळलीस. ठकूने चमचा धरला की मुकाट्याने आ करते. मागे ठकू तापाने घरी राहिली, तेव्हा आईला नळीने भरवावं लागेल म्हणून कोण म्हणालं होतं? तुम्हीच ना? मग पोरीला दाराबाहेर ठेवून तुम्ही नक्की काय साधणार आहात?

हे बघा, भांडायला नाही आले मी. तिला आत बोलावते, तुमच्यासमोर कबूल करेल, परत नाही करणार म्हणून, आणि तुम्ही तिला येऊ द्या. दाराचा नंबर बदला, मी मनातल्या मनात म्हणेन. ठकू, इकडे ये बाळा. मॅडमना सांग बघू. आजीला वाटलं आज खरंच घरी जायचंय, म्हणून तू दार उघडलंस, हो ना? बिचारीला खरं वाटतं गं सगळं, आपण म्हणू ते, म्हणून तर—

"नाही गं आई. आम्ही नुसतं बाकावर बसायला गेलो होतो. तू तिला घरी नेणार नाहीस, ते आजीला माहितीये. ती बरं म्हणते, कारण नाहीतर तू गाडी चालूच करत नाहीस, रडत बसतेस. तिच्या खिडकीतून दिसतं."