तिच्या सत्काराला स्टेज छोटं नको

आजच्या सोहळ्याचे आणि आपल्या मंडळाचेही अध्यक्ष माननीय श्री. हितेंद्र परुळेकर, आपल्या चाळींच्या पुनर्विकासाचं काम ज्यांनी हाती घेतलंय ते प्रमुख पाहुणे माननीय श्री. राजेशजी साळसकर, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले आजी-माजी पदाधिकारी, सत्कारमूर्ती कुमारी अपेक्षा मर्चंडे, पहिल्या रांगेतल्या तिच्या मातोश्री कौसल्याबाई, लालबाग-परळमधून आवर्जून आलेले आपण सगळे, आणि अगदी मागे, पाण्याच्या टाकीजवळ बूट घालून बसलेल्या माझ्या मुलींनो.

मी कमल रेवंडकर. पालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज तसाच आहे, तेव्हा माइक जरा लांबच धरते. थोडक्यात बोला असं मला कानात सांगण्यात आलंय, कारण पाहुण्यांना इथून ठाकूरद्वारला दुसऱ्या सत्काराला जायचंय. एका संध्याकाळी दोन सत्कार! साहेब, तुमच्या घरी शाली ठेवायला वेगळं कपाट असेल. हसताय, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

अपेक्षाच्या कारकिर्दीबद्दल बोला म्हणाले. कारकीर्द! ही सहावीत होती तेव्हा प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात मागे, मान खाली घालून उभी राहायची. उंच मुलींना ती खोडच लागते. मी म्हटलं, "अगं, मान वर कर की." तर म्हणते, "वर केली की सगळे बघतात, बाई." त्याच संध्याकाळी तिला या ग्राउंडवर आणलं आणि हातात बास्केटबॉल दिला. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई शाळेत भांडायला हजर. आठवतंय ना? "आधीच ही एवढी वाढलीय, त्यात तुम्ही उड्या मारायला लावता! हिला नवरा काय शिडी लावून शोधू?" आणि मग त्याच कौसल्याबाई प्रत्येक मॅचला डबा घेऊन बसू लागल्या. पंचांवर ओरडणं त्या कुठे शिकल्या देव जाणे. माझ्याकडून नाही.

पोरगी महाराष्ट्राकडून खेळली, कप्तान झाली. भारताच्या शिबिराला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा घरी पाठवली. दुसऱ्यांदा तिची जागा पक्की मानत होते, आणि संघ जाहीर व्हायच्या आदल्या आठवड्यात उडी मारून उतरताना गुडघा फिरला. मला म्हणाली, "आवाज आला बाई, मला वाटलं बूट फाटला." बूट शाबूत होता. तो बूट अजून तिच्या घरी आहे, निळ्या रंगाचा.

ऑपरेशन झालं, तरी ती परत आली. कशाला आली, असं मी तेव्हा तिला विचारलं नाही, आज स्वतःला विचारते. खेळाडू म्हणून नोकरी मिळाली होती, त्या ऑफिसने बायकांचा संघच बंद केला. म्हणे, समोर खेळायला संघ उरले नाहीत. खोटं कशाला बोलू, उरले नव्हतेच. मुली लग्न करून गेल्या, नोकऱ्यांना लागल्या, कंटाळल्या. आणि बघायला कोण यायचं? पुढच्या मॅचच्या मुली आणि कौसल्याबाई. एका फायनलमध्ये तर ह्या मुली जीव तोडून खेळतायत आणि शेजारी पुरुषांच्या मॅचसाठी खुर्च्या मांडायला सुरुवात. खुर्च्यांच्या खडखडाटात शिट्टी ऐकू येईना. ती फायनल हिने जिंकली. बक्षीस घ्यायला गेली तेव्हा टाळ्या वाजल्या, त्या मैदानात उतरणाऱ्या पुरुषांच्या संघासाठी होत्या.

मग ऑफिस सुटलं की ती इथे येऊन मुलींना शिकवू लागली. एकच खांब, एकच रिंग, अर्धंच कोर्ट. आपला खांब कसा, ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. जमिनीत लोखंडी नळी पुरलेली आणि खांब तिच्यात उभा. गणपतीचा मंडप घालायच्या आधी तो उपसायचा, विसर्जन झालं की परत रोवायचा. पण गंजलेला खांब असा ओढून निघत नाही. आदल्या संध्याकाळी नळीत तेल सोडून ठेवायचं, सकाळी चार माणसांनी फिरवत फिरवत वर घ्यायचा. परत उभा राहिला की मोठ्या मुलीने नवी जाळी बांधायची आणि सगळ्यात लहान मुलीने पहिला बॉल टाकायचा. इतकी वर्षं जाळी अपेक्षाच बांधत आली.

सोमवारपासून हे ग्राउंड बंद होतंय. पत्रे लागतील, मग चाळी पडतील. नव्या इमारतीच्या नकाशात या जागेवर गाड्या आहेत. मुलींचं काय, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "पोडियमवर बघू." म्हणजे गाड्यांच्या मजल्यांवरच्या गच्चीत. बाकी कोर्टं दादरला आहेत, पण तिथे सभासद व्हावं लागतं, आणि आमच्या मुली कोणाच्या आहेत ते तुम्हीच बघा मागे वळून. बघा ना, एकदा तरी.

सत्कार करायचा ठरला तेव्हा अपेक्षाने हितेंद्रला सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं, "शाल नको, हार नको. कार्यक्रम संपला की अर्धा तास मुलींना खेळू द्या. शेवटचं." एवढंच. हितेंद्र माझा विद्यार्थी, मनाचा चांगला आहे, लगेच हो म्हणाला. आणि मग त्याला वाटलं, आपली एवढी मोठी खेळाडू, तिच्या सत्काराला स्टेज छोटं दिसायला नको. मोठं स्टेज सांगितलं. ते या कोपऱ्यात बसेना, मध्ये खांब येत होता. डेकोरेटरच्या माणसांनी ओढून पाहिला, निघाला नाही. तेल सोडायचं त्यांना कोण सांगणार? गॅस कटरने कापला. नळीचं तोंड वर राहिलं, कोणाला ठेच लागायला नको म्हणून त्यात सिमेंट भरलं, वर गालिचा घातला. साळसकरसाहेब, तुमच्या खुर्चीच्या डाव्या पायाखाली आहे ते. नाही नाही, उठू नका. आता उठून काय होणार?

आज संध्याकाळी अपेक्षा बॉल घेऊन आली, पर्समध्ये नवी जाळी. जागा बघितली. हितेंद्र म्हणाला, "अगं, तुझ्यासाठीच मोठं केलं ना स्टेज!" अरे हितेंद्रा, काय बोलू तुला! ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "असू दे दादा."

रिंग आणि बोर्ड टाकीजवळ पडलेत. आमची प्रिती, सगळ्यात लहान, पहिला बॉल टाकायचा मान तिचा, ती पुढे आली आणि अपेक्षाला म्हणाली, "ताई, रिंग आम्ही हातात धरू का?"

"दहा फूट उंच धरशील?"

"नाही."

"मग बस जाऊन."

प्रिती जाऊन बसली. बूट काही काढले नाहीत. कोणीच काढले नाहीत.

लोक मला म्हणतात, बाई, निरोपाच्या भाषणाचा शेवट आशेचा करावा. कुठून करू? वीस-पंचवीस वर्षं ही मुलगी खेळली, आणि तिच्यामागे या वस्तीत एक खांबसुद्धा उभा राहिला नाही. तोही आपण तिच्या कौतुकापायी कापला. मला फार वाईट वाटतंय, आणि ते लपवायचं माझं वय राहिलं नाही.

मंडळाचे आभार. डेकोरेटरचेही आभार, स्टेज खरंच छान झालंय. कौसल्याबाई, तुमचे सगळ्यात जास्त. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर व्यासपीठाने ते म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घालावं.

सूत्रसंचालक आता अपेक्षाला मनोगतासाठी बोलावतील. बोलावू नका. ती बोलणार नाही. तिला फक्त मुलींना एक गोष्ट सांगायची होती, ती तिच्याच्याने सांगवेना, म्हणून माझ्यावर सोपवलीय.

मुलींनो, बुटांच्या नाड्या सोडा. आज खेळ नाही. खाऊची पाकिटं मागच्या टेबलावर आहेत, घ्या आणि घरी जा.