मागच्या दारांची गल्ली

हॅलो? … कोण? … अगं ठमे, तू? आज तुझी परीक्षा ना? सकाळीच देवाला सांगून ठेवलंय, माझ्या भाचीकडे जरा लक्ष असू दे म्हणून. … काय? … मोठ्याने बोल गं, नुसते हॉर्न ऐकू येतायत.

हं… हं… अगं ऐक ना, एक श्वास घे आणि पहिल्यापासून सांग. नेहमीचा गाईड आजारी पडला, आठ पाहुणे तुझ्या गळ्यात आले, आज नीट फिरवलंस तर कंपनी तुला कायम करणार. इथवर मला ठाऊक आहे. … हो, त्या भागातली खायची-प्यायची ठिकाणं मीच सांगितली, तू कागदावर उतरवून घेतलीस. … मग?

… एकही नाही? एकही सापडत नाही म्हणजे? अगं चांगली सात ठिकाणं सांगितली होती मी!

तासभर चालताय? आणि अजून पोटात कॉफीसुद्धा नाही? अरे देवा. … कोण रुसलंय? … पाहुण्यांतले ते जाड भिंगांच्या चष्म्याचे आजोबा. रुसणारच की! त्यांना आधी कुठेतरी टेकव.

आता सांग, कुठे उभी आहेस? … कारंजं. छान. त्याच्या डाव्या हाताला चिडक्याचं कॉफीचं दुकान. … बँक? बँक कुठून आली तिथे? … बरं, उजवीकडे? … सायकलींचं दुकान? छे, सायकली कधीच नव्हत्या. तू दुसऱ्याच कारंज्यापाशी तर नाहीस ना? … एकच आहे? … दगडी मासा आहे त्यावर? … शेपटी तुटलेली? … मग तेच की! तेच आहे, आणि तरी नाही? कमाल झाली.

थांब, मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून बघते. शेगडी म्हणजे पूल. फ्रिज म्हणजे कारंजं. मी पुलावरून आले… फ्रिज समोर… डावा हात… फोन धरलाय तो डावा… नाही, तो उजवा. अहो, हसू नका! … तुला नाही गं, तुझ्या काकांना. अहो, पुलावर काय उभे राहताय, बाजूला व्हा!

हं, बोल. … नकाशात नाव घालून शोधतेस? शोध ना. … कुणाचं नाव? दुकानाचं? अगं मला काय माहीत! मी चिडक्याच म्हणायची. मनातल्या मनात. … मासळीवाल्याच्या हॉटेलचं? तेही नाही माहीत. … हो, एकवीस वर्षं जात होते, म्हणून काय झालं? लाँड्रीची हातगाडी घेऊन जायची, मळलेले टेबलक्लॉथ उचलायचे, धुतलेले द्यायचे, निघायचं. पाट्या वाचत बसायला वेळ कुणाला होता? आणि पाटी असते पुढच्या बाजूला, मी कुठे…

…

अगं बाई.

… आहे, आहे मी. लाइन नाही तुटली. ठमे, अगं, मी पुढून कधी गेलेच नाही गं. एकदाही नाही. हातगाडी पुढच्या रस्त्यावर चालायचीच नाही, सगळी ने-आण मागच्या गल्लीतून. तुला सांगितलं ते सगळं मागच्या दारांचं! पुढून त्यातलं काहीच ओळखू यायचं नाही. कारंजंसुद्धा मी मागूनच पाहिलंय, म्हणून तर मला शेपटी तेवढी आठवते.

… रडू नको. … नाही कशी? मला ऐकू येतंय. … कोण येणार? कंपनीच्या मॅडम? स्वतः? … एक वाजता, कारंज्यापाशी. पाहुणे कुठे जेवतायत ते बघायला. अगं हे काल का नाही बोललीस! … बरं, राहू दे. आत्ता वाजलेत किती? … पावणेबारा. मग पुष्कळ वेळ आहे.

तो कागद खिशात घाल. कारंज्याच्या मागे जा. भिंतीतून एक बोळ निघतो, दिसला? … अंधार आहे, असू दे. वीस पावलांचा प्रश्न आहे. आजोबांचा हात धर.

… आलात? काय काय दिसतंय? … दोरीवर ॲप्रन. रिकामे पेटारे. मांजर. हां! हे माझं! आता तिसरं दार, हिरवं. … निळं? … जरा नखाने खरवडून बघ. … खाली हिरवा? मग नुसता रंग दिलाय. वाजव.

… ओरडला ना? तोच चिडक्या. लाँड्रीवाल्या मावशींची भाची म्हण. … हसला? बघ! … सगळ्यांना पेटाऱ्यांवर बसवलं? देव त्याचं भलं करो.

… काय विचारतायत? मला कसं कळलं इथली कॉफी चांगली ते? सांग त्यांना, इथल्या टेबलक्लॉथवर कपांचे गोल डाग असायचे, एकाच जागी, एकावर एक. म्हणजे माणूस उठत नाही, दुसरा कप मागवतो. आणि पुढच्या रस्त्यावर ते म्हणे झगमगतं काचेचं हॉटेल आहे ना, त्यांचे नॅपकिन यायचे कोरे करकरीत. धुवायला सोपे, पण मला मेलं वाईटच वाटायचं. तिथे कुणी पोटभर जेवतच नव्हतं गं. … मी? नाही बाई, मी कुठेच खाल्लं नाही. मी नुसते डाग धुतले.

बरं, भरकटले मी, मूळ गोष्टीवर येते. कॉफी झाली की सरळ. मध्ये वह्या बांधणाऱ्याचं अंगण लागेल, आत डोकावू देत सगळ्यांना. तो कागद कापताना बोलत नाही, पण बघू देतो. मग एकसष्ट पायऱ्या. … हो, आजोबांनाही! वरून नदी दिसते, म्हणावं. उतरलात की समोर कोळशाचा वास येईल. वासामागे जा. तिथेच मासळीवाला. मॅडमनाही मेसेज टाक, कारंज्यामागच्या बोळातून तिथेच या म्हणून. … फोन बंद नको करू, तसाच खिशात टाक. मी आपली ऐकत कपडे घडी करते.

…

… हॅलो? हो, आहे ना. काका म्हणतात, कान भाजला असेल हिचा. … पोचलात? मासळीवाल्याच्या अंगणात लांब बाकावर बसलात? … आजोबा पायऱ्यांवर सगळ्यांच्या पुढे? अगं बाई!

… मॅडम आल्या? मग अशी दबक्या आवाजात का बोलतेस? … चिडल्यात? … बोळातून यावं लागलं म्हणून. कचऱ्याचे डबे बघून. … तुला कायम नाही करणार म्हणतात? … आत्ताच्या आत्ता, पाहुण्यांसमोर? … दे. फोन दे त्यांच्याकडे. दे म्हणते ना!

… नमस्कार मॅडम. मी हिची मावशी. … हो, लाँड्रीवाली. … नाही हो, चूक तिची नाही. दारं मी सांगितली, आणि मला दुसरी दारं माहीतच नाहीत. … हो. … खरं आहे तुमचं, कचऱ्याच्या डब्यांवरून पाहुण्यांना नेणं दिसायला बरं नाही. … हो. … रागवा, तुमचा अधिकार आहे. फक्त एक विचारू? तुम्ही जेवलात? … सकाळपासून? … नुसती बिस्किटं? अहो, मग रागवायला तरी अंगात जोर कुठून येणार? आधी बसा बघू. एक मासा घ्या, भाजलेला. पावाने रस्सा टिपून घ्या. … हाताने, हो. मग मला बोला, हवं तेवढं बोला, मी कुठे जात नाही.

… मॅडम? … असू दे, असू दे, घास आहे तोंडात. सावकाश. काटे बघा.

…

ठमे? तू का आलीस फोनवर? … जेवतायत. बरं. … अगं मला काय विचारतेस, मी का तिथे आहे? … मान खाली घालून जेवतायत म्हणजे काय समजायचं? राग, की चव? … मलाही नाही कळत गं. … आजोबांनी काय केलं? … आपल्या वाटचा पाव मॅडमच्या ताटात ठेवला? … आणि त्यांनी? … घेतला?

… काय झालं? बोलल्या का? … काय? हळू, हळू सांग. … ‘शनिवारी बारा पाहुणे आहेत, या बाकावर मावतील का?’ … हे तुला विचारलं? … ‘तू आणलेस तर’ म्हणाल्या? नक्की? मासळीवाल्याला नाही ना म्हणाल्या? … तुझ्याकडे बघून? … अगं मग माझ्याशी काय बोलत उभी राहिलीस, बाक मोज! … नंतर, नंतर रड. … ठेव. ठेव म्हणते ना! … अगं, मीच ठेवते.