कोणी तोडली ते विचारू नका

मंडळी, बसून घ्या. मागे उभ्या असलेल्या मावशींना खुर्च्या द्या जरा. त्या पहाटे डोंगरातून निघून आल्यात, दोन जीप करून.

मी बोलणारा माणूस आहे. तीस वर्षं बोलूनच भाजी विकली. माझी बायको म्हणते, सुकलेली कोथिंबीरसुद्धा तुमच्या बोलण्याने हिरवी होते. पण आज सकाळपासून पहिलं वाक्य जुळवतोय आणि ते जुळत नाही. तेव्हा जुळवत नाही. जसं झालं तसं सांगतो.

बुधीबाई गेल्या. आज चौदावा दिवस.

समोर लावलाय तो फोटो त्यांच्या बचत गटाच्या कार्डावरचा. त्यात त्या रागावल्यासारख्या दिसतात. फोटोवाल्याने हलू नका म्हणून सांगितलेलं, तर बाईंनी श्वासच धरून ठेवलेला. तुमच्यातले बरेच जण त्यांना नावाने ओळखतही नसतील. बुधवारी आणि रविवारी माझ्या दुकानाच्या पायरीशी पाटी घेऊन बसायच्या, कपाळावर गोंदलेलं, त्या मावशी म्हटलं की ओळखाल.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना उठवायला गेलेलो. खोटं कशाला बोलू? मी स्वतः जुन्नरकडून आलो तेव्हा कोपर स्टेशनबाहेर गोणपाट टाकून लिंबं विकायचो आणि चार दुकानदारांनी मला तसंच उठवलेलं. तरी मी उठवायला गेलो. म्हटलं, "बाई, इथे बसायचं नाही." त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "मंग कुठं बसू, तुमच्या गल्ल्यावर?"

गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. त्या बसल्या.

त्या दिवशी पाटीत काकड्या होत्या. एक चाखली आणि विचारलं, कुठली? मुरबाडच्या पुढे, डोंगरात त्यांचा पाडा. बारा बायकांचा गट. मी पावसाळा उलटल्यावर एकदा बघायला गेलेलो. उभ्या उतारावरची जमीन. पूर्वी पहिल्या दोन पावसांत तिथली माती ओढ्यात जायची. या बारा जणींनी भर उन्हाळ्यात डोक्यावरून दगड वाहून उतारावर आडवे बांध घातले. पुरुष झाडाखाली बसून विचारायचे, "देऊळ बांधता का गं?" बुधीबाई म्हणायच्या, "हां, तुमालाच बसवायचं हाय त्यात."

पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी माती थांबली. मग नाचणी फेकून पेरायची सोडून रोपं ओळीत लावली. मग कारल्याचे मांडव आले, वाल आला, भेंडी आली. आणि मग एक गोष्ट झाली, जी मला कळायला वेळ लागला. एकदा पाटी उतरवता उतरवता त्या म्हणाल्या, "शेठ, औंदा दिवाळीनंतर बी आमच्या पाड्यात चुली पेटतात."

मी म्हटलं, त्यात काय? मग कळलं. त्याआधी दिवाळी झाली की सगळा पाडा दाराला कड्या घालून वीटभट्टीवर जायचा. पोरं, कोंबड्या, सगळं घेऊन. जूनपर्यंत परत नाही. आता जात नव्हते. त्यांच्यासाठी तीच मोठी गोष्ट होती. त्यांनी ती एका वाक्यात सांगितली आणि भेंडी मोजायला लागल्या.

आता अळंबीचं सांगतो. तेच सांगायला उभा आहे.

त्यांच्याकडे अळंबी वारुळावर येते, पाऊस चांगला मुरला की. प्रत्येक घराची वारुळं ठरलेली. सासूने सुनेला दाखवलेली. आणि एक रीत आहे, गटाच्याही आधीची. ओळखीच्या वारुळावरची असली तरी मोसमातली पहिली अळंबी घरातली सगळ्यात म्हातारी बाई खाणार. एक अख्खा दिवस, अख्खी रात्र जाणार. ती बाई ठीक राहिली, तर दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या ताटात. गटाने हीच रीत विकायच्या मालाला लावली. आधी आपण खायचं, एक दिवस थांबायचं, मग त्याच जागेवरची दुसऱ्या दिवशीची ताजी तोडून डोंबिवलीला आणायची. खाण्याची पाळी बारा जणींत फिरायला हवी होती. पण बुधीबाई फिरू द्यायच्या नाहीत. ज्यांची पोरं लहान, त्यांची पाळी नाही, म्हणायच्या. असं करत करत एकट्या त्यांचीच पाळी उरली.

आमच्या गल्लीतल्या लेले काकू इथे बसल्यात, तिसऱ्या रांगेत. काकू, तुम्ही त्यांना विचारलेलंत, आठवतं? "अहो मावशी, ही विषारी नाही कशावरून?" तर त्या म्हणाल्या, "काल मी खाल्ली, आज तुमच्या म्होरं बसली हाय. आजून काय दाखवू?" काकूंनी पाव किलो घेतली. मी मागून म्हटलं, ही जाहिरात मला कधी सुचली नसती.

आणि मग मी त्याची खरंच जाहिरात केली.

शीळफाट्याकडे नव्या इमारती झाल्यात. तिथल्या एका सोसायटीने रविवारी रानभाज्यांचा बाजार भरवायचं ठरवलं आणि मला विचारलं. मी म्हटलं, डोंगरातली अळंबी देतो. भरपूर देतो. मी शब्द दिला. माझ्याकडे अळंबी नव्हती, शब्द होता.

गुरुवारी फोन केला. म्हटलं, "बुधीबाई, रविवारी पाच पाट्या पाहिजेत." त्या म्हणाल्या, "वारूळ काय नळ हाय का, सोडला की आलं?" मी म्हटलं, "मग नव्या जागा बघा. जंगल केवढं आहे तुमचं." त्या म्हणाल्या, "नव्या जागंला दिवस लागतो. खायचं, थांबायचं." मी म्हटलं, "एक दिवस कशाला? शनिवारी संध्याकाळी खा, रविवारी पहाटे ठीक असलात की पाट्या जीपमध्ये टाका. रात्रभरात कळतंच ना."

मंडळी, माझे कान तिखट आहेत. धंद्याने केले तसे. गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हाच मला कळतं, घेणार की पुढे जाणार. त्या दिवशी बुधीबाई फोनवर गप्प झाल्या. पाच-सहा सेकंद. ती नाही म्हणणाऱ्या माणसाची शांतता होती. मी ती ऐकली. नीट ऐकली. आणि ऐकू आली नाही असं करून म्हटलं, "मग रविवारचं नक्की ना?"

त्या म्हणाल्या, "बगते."

माझ्यामुळे गटाला गिऱ्हाईक मिळालं, हे त्या विसरत नव्हत्या. आणि त्या विसरत नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून मी तसं बोललो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता तिला इथे बसल्या बसल्या कळतंय.

शनिवारी बारा जणी जंगलात पांगल्या. जिथे कधी तोडली नव्हती तिथून तोडली. संध्याकाळी पाचही पाट्यांतली थोडी थोडी घेऊन बुधीबाईंनी शिजवली आणि एकट्यांनी खाल्ली. नातू ताटाशी आला तर त्याला हाकललं. पहाटे उठल्या, ठीक होत्या. पाट्या जीपमध्ये चढवल्या.

नऊच्या सुमाराला मी शीळफाट्याला टेबल मांडत होतो. लोक जमायला लागलेले. फोन आला.

"शेठ, पाटी उघडली का?"

"उघडतोच आहे."

"नका उघडू. कुनाला देऊ नका. आन उकिरड्यावर टाकू नका, कुत्रं खाईल. खड्डा करून पुरा."

मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "मला उलट्या होतात." असं म्हणाल्या जसं काही बस चुकली.

मी पाट्या पुरल्या. त्या सोसायटीतल्या एकाही माणसाच्या घरात त्यातली एक अळंबीही गेली नाही. त्यांच्यातले काही आज इथे आलेत. दवाखान्याच्या आधी तो फोन बुधीबाईंनी मला केलेला. त्यांच्या पाड्यात फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं. उलट्या होत असताना त्या टेकडी चढलेल्या.

सोमवारी त्यांना बरं वाटलं. मी फोन केला तर म्हणाल्या, नाचणीची रोपं लावतेय. मी देवाला नारळ फोडला. नंतर डॉक्टर म्हणाले, हे विष असंच असतं, मधे एक-दोन दिवस माणसाला बरं वाटू देतं आणि आतून यकृत खातं. बुधवारी डोळे पिवळे झाले. मुरबाड, मग कल्याण, मग ठाण्याचं मोठं हॉस्पिटल. शनिवारी दुपारी गेल्या.

शुक्रवारी मी त्यांच्याजवळ बसलेलो. शुद्ध येत-जात होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात हलवला. त्यांना दुसरंच बोलायचं होतं. म्हणाल्या, "पाड्यात इचारतात, कंच्या बाईनं तोडली. सांगायचं न्हाय." मी म्हटलं, "मला कुठे माहीत आहे?" त्या म्हणाल्या, "तुमाला कळंल. तुमचे कान लई वंगाळ."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाटीत पडलं की गटाचं."

मावशी, तुम्हा अकरा जणींना हे माहीत आहे. गटात तोच नियम आहे. पाटी भरताना कोणाची भेंडी कुठली ते बघत नाहीत. चांगली असली तरी गटाची, किडकी निघाली तरी गटाची. त्या हा नियम शेवटपर्यंत पाळून गेल्या.

आणि त्या म्हणाल्या ते खरं झालं. मला कळलं. कसं ते सांगत नाही. पाचातल्या कुठल्या पाटीत ती होती, ती कोणाच्या हाताने तोडलेली, मला माहीत आहे. ती बाई आज या हॉलमध्ये आहे. ती कोण, ते माझ्याकडून कळणार नाही. तिच्या सासरी कळलं तर तिचं काय होईल, ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

किसन, तू बुधीबाईंचा मोठा. तू हॉस्पिटलच्या जिन्यात माझी बाही धरून विचारलंस, "शेठ, आईला मारणारी कोण, तेवढं सांगा." मी तेव्हा खाली बघितलं. भित्रा माणूस खाली बघतो तसा. आज वर बघून सांगतो. तुला नाव पाहिजे ना? माझं घे. जंगलात गेली ती बाई मी पाठवली म्हणून गेली. नव्या जागी हात घातला तो मी घाल म्हटलं म्हणून घातला. तुमच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक दिवस थांबायची रीत ठेवलेली, ती मी एका फोनमध्ये अर्धी केली. पाड्यात जाऊन हेच सांग. मला बोलावलंस तर मी येऊन चावडीवर सांगेन. माझं दुकान कुठे आहे ते तुला माहीत आहे. तुला जे करायचं ते तिथे येऊन कर. पण अकरा घरांची दारं वाजवत फिरू नकोस. तुझ्या आईने तेवढं एकच मागितलंय.

पाड्यातले पुरुष म्हणतायत, झाले बायकांचे उद्योग, आता गट बंद. मी परवा जाऊन आलो. मांडवावर कारली पिकून पिवळी झालीत, फुटून लाल बिया खाली पडल्यात. तोडायला कोणी जात नाही. अकरा जणी एकमेकींकडे बघत नाहीत. प्रत्येकीला वाटतं, दुसरी आपल्यावर संशय घेते. नाचणीची निम्मी रोपं तशीच वाफ्यात उभी आहेत, लावणीचे दिवस संपत आले. हे असंच राहिलं तर दिवाळीनंतर पुन्हा दाराला कड्या. मावशी, मी तुम्हाला गट चालवा म्हणून सांगायला उभा नाही. तो हक्क मी घालवलाय. मी फक्त एवढंच म्हणतो, की त्या नाचणीला अळंबी कोणी तोडली, रोप कोणी लावलं, हे काही माहीत नाही.

माझ्या दुकानात यापुढे रानातली अळंबी येणार नाही. पायरीवरची त्यांची जागा आहे तशी आहे. कोणी येऊन बसलं तर उठवणार नाही. कोणी नाही बसलं तर ती रिकामी राहील.

आता बुधीबाईंना शेवटचा नमस्कार करायचाय. सगळ्यांनी उभं राहू या. मावशी, तुम्ही अकरा जणी इकडे पुढे या. एका ओळीत उभ्या राहा आणि एकमेकींचा हात धरा. घट्ट धरा. त्यातला एक हात थरथरत असेल. डोळे मिटून घ्या, आणि तो कोणाचा ते बघू नका.

किसन, तूही त्यांच्यात ये. तुलाही एक हात धरायचाय.