पानाने काय होतंय

नको नको, खरंच नको — तुम्ही प्या, ताई. ग्रीन टीला नावं नाही ठेवत मी, तुमच्या थर्मासमधला तो चहाच आहे, गरम पाण्यात चार पानं, त्याने कुणाला काही होत नसतं, डॉक्टरही तेच म्हणाले. माझ्याच घशाखाली उतरत नाही आता. — काय? हो, वजनासाठीच चालतेय, दिसतंय की! इथे बागेत फेऱ्या मारायच्या, मग बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावरून रिक्षा पकडायची नि हॉस्पिटल. मुलगी ॲडमिट आहे ना माझी. संपदा. एकुलती एक.

लोकांना वाटतं, स्थळ बघायला आलेले तिच्या वजनावरून काही बोलले असतील. तसलं काही नाही हो. ऑफिसमधून येताना बसमध्ये एक कॉलेजचा मुलगा उठला नि तिला म्हणाला, "आप बैठिए दीदी, ऐसी हालत में खडी मत रहिए." म्हणजे त्याला वाटलं, हिला दिवस गेलेत! बिचारा चांगल्या मनानेच बोलला. घरी येऊन हसत हसत सांगितलं तिने, आमचे हे पण हसले, आणि पान वाढलं तर म्हणते, भूक नाहीये आई. झालं. मग ती डबी आली, ऑनलाइन, वर हिरव्यागार पानाचं चित्र. ग्रीन टीचा अर्क, गोळीत भरलेला — कप कप पीत कोण बसणार? मी म्हटलं, अगं डॉक्टरला तरी विचार. तर म्हणाली, "औषध थोडंच आहे आई? पान आहे. पानाने काय होतंय?" पटलं मला. तुम्हाला नसतं पटलं?

आणि उतरली हो, खरंच उतरली! शेजारच्या हंसाबेन दारातच थांबवायच्या तिला — "संपदा, तू तो केटली सरस लागे छे!" जुने ड्रेस बाहेर निघाले. आरशासमोर वळून वळून बघायची. इतकी खूश मी तिला बारावीच्या रिझल्टलाही नव्हतं बघितलं. दमायची, अंग खाजवायची, पण आम्ही म्हटलं, खाणं कमी झालंय, होणारच. मग डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर ज्याने त्याने सांगितलं, काशीगावात एक जण माळ देतो, ती डोक्यात घालायची, जसजशी माळ वाढत खाली उतरते तसतशी कावीळ उतरते. घातली. माळ उतरली, गळ्यात आली, पोटापर्यंत आली. कावीळ काही उतरली नाही. आणि गोळ्या चालूच — कारण फॅमिली डॉक्टरने विचारलं, काही औषधं घेतेस का, तर ही म्हणाली नाही. चहाला कोण औषध म्हणेल?

हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिला वार कुठला हे सांगता येत नव्हतं. लिव्हर गेलं होतं. म्हणाले, सगळ्यांना नाही होत असं, एखाद्यालाच होतं. एखाद्यालाच! लिव्हर बदलावं लागेल म्हणाले. घरातल्या कुणी थोडं दिलं तरी चालतं, देणाऱ्याचं परत वाढतं म्हणे. यांचा ब्लड ग्रुप जुळला नाही. माझा जुळला. मी तर तिथेच हात जोडले देवाला, आई म्हणून आणखी काय पाहिजे? सगळ्या टेस्ट केल्या माझ्या. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवलं नि म्हणाल्या, "अंबिकाताई, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे, यातलं काढून तिला देता येणार नाही. वजन उतरवा, मग परत बघू."

म्हणून चालायला लागले. भात सोडला, साखर सोडली, गुडघे सुजले तरी चालले. उतरतंय पण. ब्लाउज ढगळ झालेत, बघा ना. — नाही हो, कसली बरी होतेय. इन्फेक्शन झालंय. परवा त्याच बाई म्हणाल्या, आता लिव्हर मिळालं तरी तिला ऑपरेशन झेपणार नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही आता घरी आराम करा." म्हणजे काय, ते कळलं मला. यांना कळलं. तिला नाही सांगितलंय.

ती शुद्धीवर असली की पहिलं हेच विचारते — "आई, आज किती चाललीस?" ओठ सुकलेले असतात, तरी विचारते. मी सांगितलं की जरा हसते नि डोळे मिटते. आता न चालता कसं सांगू, चालले म्हणून? लहानपणापासून माझं खोटं लगेच ओळखते हो ती.

अहो, रडताय काय, पुसा डोळे, लोक बघतायत. नाही, माझ्याबरोबर नका येऊ. सोबत कुणी असलं की बोलणं होतं, चालणं राहून जातं. तुम्ही बसा इथे. सरका जरा, उठू द्या मला.