पेणला जाताना पडघा लागतं

नाही, मला सांगा, डोंबिवलीहून पेणला जायला निघालेला माणूस पडघ्याला कशाला जाईल? पेण गोव्याच्या हायवेवर, पडघा नाशिकच्या... दोघांची तोंडंसुद्धा एका दिशेला नाहीत. पण आम्ही गेलेलो. गाडी मी चालवत होतो, आणि तुम्हाला सांगतो, रस्ता मला माहीत होता. अहो, कल्याण-शीळ रोड आमच्याच शेतातून गेलाय. पण बाजूच्या सीटवर जावई बसलेले, आणि जावयाला सांगणार कोण?

नयनचा, म्हणजे माझ्या मुलाचा, साखरपुडा होता. मुलगी पेणची, कृतिका. बाराच्या आत अंगठी घालायची, कारण तिचे काका आधीच म्हणत होते, ठाण्याकडची माणसं वेळ पाळत नाहीत. आता शीळफाट्याला डावीकडे वळलं की तळोजा, पनवेल, पेण. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तर आमचे रवींद्रराव म्हणाले, “पप्पा, उजवीकडे घ्या. बायपासने मोकळा हायवे मिळतो.” मोकळा मिळतो हो, पण नाशिकचा! घेतली मी उजवीकडे. मुंब्रा गेलं, खारेगाव गेलं, भिवंडी आली... मोबाईलमधली बाई बिचारी सांगत होती, मागे फिरा, मागे फिरा. जावयांनी तिचा आवाज बंद केला. ती पण गप्प. जावयाला सांगणार कोण?

मागे नयन तोंड उघडायला लागला तर माझ्या बायकोने, जयाने, त्याला असा चिमटा काढला की शेरवानीतून लागला. त्याच्या कानात म्हणते, “तुझी अंगठी काय, दोन तास उशिरा बोटात पडेल. तू आज त्यांना बोललास, की उद्या दिशाला तिच्या सासरी ऐकून घ्यावं लागेल.” दिशा, माझी मुलगी, बाजूलाच बसलेली, खिडकीतून बाहेर बघत. तिचं ते बघणं मी आरशात बघितलं आणि खरं सांगतो, जीव कळवळला माझा. मग मी गाडी तशीच पुढे दामटली.

तेवढ्यात पेणहून फोन, कृतिकाच्या वडिलांचा, भगवानशेठचा. “कुठवर आलात?” म्हटलं, “आलोच, पेणच्या अलीकडे आहोत.” खोटं काय त्यात?

शेवटी पडघ्याला जया म्हणाली, “अहो, गाडी फिरवा. अंगठी घरीच राहिली.” अंगठी तिच्या पर्समध्ये! आम्हाला सगळ्यांना माहीत. फक्त जावई चिडले. “काय हे आई, एवढी महत्त्वाची वस्तू? आता तुमच्यामुळे उशीर.” जया म्हणाली, “चुकलं हो माझं.” फिरलो, घरी आलो, जया आत जाऊन पाणी पिऊन आली, रवींद्ररावांना तिने चार लाडू खायला घातले, आणि लाडवांनी काम केलं... शीळफाट्याला ते घोरत होते. मी हळूच डावीकडे वळवली. पेणला जागे झाले आणि म्हणतात, “बघा, आलो की नाही झटकन?”

दुपार टळलेली. काकांचं तोंड वाकडं. रवींद्ररावांनी मांडवात सगळ्यांना सांगितलं, आई अंगठी विसरल्या. जया मान खाली घालून उभी. पण पडली एकदाची अंगठी, पेढे वाटले, माझा जीव भांड्यात पडला.

मग भगवानशेठ म्हणाले, ग्रामदेवीला नारळ देऊन येऊ. गाडी त्यांची, ते चालवायला, मी मागे, आणि पुढे मानाने बसवलं नयनला. भगवानशेठ जन्मापासून पेणला राहिलेले बरं का. नाक्यावर देवळाची पाटी, बाण डावीकडे, आणि आमचा नयन, जो आयुष्यात पहिल्यांदा पेणला आलेला, तो सासऱ्यांना म्हणतो, “पप्पा, उजवीकडे घ्या. जवळ पडेल.”

भगवानशेठनी आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं. आणि घेतली हो उजवीकडे.

मी काय बोलणार? त्यांचा जावई आहे.